खिडकीजवळची कॉलर

शर्टांच्या त्या कारखान्यात बायकांना नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. जी बाई शर्टाचा जो भाग शिवायची, तेच तिचं नाव. खिशाला ताप आलाय, बाही आज उशिरा येणार आहे, कफाच्या मुलीचं लग्न ठरलं, असं बोलणं तिथं दिवसभर चालायचं. बाहेरच्या माणसानं ऐकलं असतं तर तो हसला असता. आतल्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. अख्खा शर्ट कुणीच शिवत नव्हतं. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे यायचे, प्रत्येकीनं आपला भाग शिवायचा आणि डाव्या हाताला ठेवलेल्या टोपलीत टाकायचा. तिथून तो पुढचीच्या हातात जायचा.

या भागांमध्येही उतरंड होती. सगळ्यात वर कॉलर. बाही जरा ओढली गेली तर कोटाखाली झाकता येते, शर्टाचा घेर कमीजास्त झाला तर आत खोचता येतो, पण कॉलर माणसाच्या तोंडाखालीच बसते, ती लपवायची कुठं? म्हणून कॉलरवालीला खिडकीजवळची जागा. तिच्या खालोखाल कफ, मग बाही, मग खिसा, मग बाजूच्या शिलाया. आणि अगदी शेवटी, दाराच्या तोंडाशी, येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खात बसायची ती काजं-बटणं.

आपल्या गोष्टीतली वहिनी ही कॉलर होती, आणि तिची नणंद काजं.

नणंदेला तिथं आणलं ते वहिनीनंच. लग्न मोडून ती भावाच्या आधारानं परत आली, गल्लीच्या टोकाला एक खोली घेऊन राहू लागली, तेव्हा वहिनीनं कटिंग मास्तरांकडे शब्द टाकला. म्हणाली, पोरगी हाताला बरी आहे, कुठंतरी बसवा. कुठंतरी म्हणजे दाराशी. तेव्हापासून कारखाना बंद पडेपर्यंत नणंद दाराशीच बसली. वहिनी रोज सकाळी आत शिरायची, तिच्या मशीनवरून पुढं खिडकीकडे जायची आणि जाताजाता म्हणायची, "काय काजं, डबा आणलास ना?" प्रेमानंच म्हणायची. निदान तिला स्वतःला तसं वाटायचं.

मग एके वर्षी कारखाना बंद झाला. ते दिवसच तसे होते, परगावचे तयार शर्ट निम्म्या भावात येऊ लागले होते. मशीनं टेम्पोत चढवताना बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या, घरातल्या माणसाला शेवटचं नेताना उभं राहावं तशा. कॉलरचं मशीन सगळ्यात शेवटी गेलं. वहिनी तेव्हाही रडली नाही. तिला वाटलं, कॉलरवालीला काय तोटा? उद्या दहा ठिकाणांहून बोलावणं येईल.

बोलावणं आलं नाही. मग तीच निघाली.

नोकरी शोधणं म्हणजे काय, हे ज्यांनी चपला झिजवल्यात त्यांनाच कळतं. सकाळी इस्त्रीचे कपडे घालायचे, केस चापूनचोपून बसवायचे, घरातून निघताना चेहऱ्यावर एक हुशारीचा भाव चढवायचा, आणि तो भाव पहिल्या जिन्यावरच उतरायला लागायचा. कुणी म्हणायचं, मालक बाहेरगावी गेलेत. कुणी म्हणायचं, पत्ता ठेवून जा, कळवतो. कळवतो म्हणणाऱ्यांपैकी कुणी कळवल्याचं तिच्या तरी ऐकिवात नव्हतं. एका ठिकाणी तर तिची मुलगी शोभेल अशा वयाच्या बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, अजून दिसतं का नीट? वहिनीनं तिच्याच झंपराच्या गळ्याकडे बोट केलं आणि सांगितलं, दिसतं, तुमची ही टीप दोन ठिकाणी सुटलीय. नोकरी मिळणार नव्हतीच, पण त्या दिवशी जेवण तेवढं गोड लागलं.

आणि सगळीकडे प्रश्न एकच. तुम्ही काय काय शिवता?

"कॉलर," वहिनी सांगायची.

समोरचा माणूस थांबायचा. त्याला वाटायचं, अजून पुढं काहीतरी येईल. पुढं काही यायचं नाही.

मोठ्या रस्त्यावरच्या टेलरनं मात्र तिला बसवून पाहायचं ठरवलं. भला माणूस होता, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. शाळेच्या शर्टांचा कापलेला गठ्ठा त्यानं तिच्या पुढ्यात ठेवला, म्हणाला, यातला एक शर्ट शिवून दाखवा, मी जेवून येतो. वहिनीनं मशीनला तेल आहे का पाहिलं, दोरा ओवला, गठ्ठ्यातून कॉलरचे तुकडे वेगळे काढले आणि पायडल मारलं. कितीतरी दिवसांनी पायाखाली ते पायडल हललं. बाहेरचा रस्ता, तो टेलर, त्याची अट, सगळं तिच्या डोक्यातून निघून गेलं. एक कॉलर झाली की ती न बघता डाव्या हातानं बाजूला टाकायची आणि दुसरी घ्यायची. हात आपोआप चालत होते. टेलर जेवून, तोंडात सुपारी टाकून परत आला, तेव्हा वहिनीच्या डाव्या बाजूला, जिथं टोपली नव्हतीच, तिथं जमिनीवर कॉलरींचा एक ढीग पडला होता. एकीपेक्षा एक सुंदर.

त्यानं एक उचलली, उजेडात धरली, फुंकर मारून धूळ उडवली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि शर्ट, बाई?"

घरी येऊन तिनं सांगितलं की तिथली जागा आधीच भरली होती.

याच सुमाराला नणंदेला नोकरी लागली. पहिल्याच फेरीत, पहिल्याच दारात. गणवेश शिवणारा एक छोटा कारखाना होता, एका बाईनं चालवलेला. तिथं तिलाही अख्खा शर्ट शिवायला सांगितला आणि तिनं तो शिवून दिला. कॉलर जराशी फुगली होती, पण शर्ट शर्टासारखा होता. वहिनीला हे ऐकून आधी खरंच वाटेना. मग लक्षात आलं. काजं-बटणं शेवटची. प्रत्येक शर्ट पुरा होऊन शेवटी नणंदेच्याच मांडीवर यायचा. कुणाची बाही उलटी लागली, कुणाचा खिसा खाली गेला, हे तिलाच दिसायचं. आणि दार बंद व्हायच्या आत माल जायला हवा म्हणून ती गुपचूप उसवून नीट करून टाकायची. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करता करता ती अख्खा शर्ट शिकली होती. वहिनीच्या मांडीवर मात्र या सगळ्या काळात कॉलरीखेरीज काही आलं नव्हतं.

कळलं, पण कळून दुखायचं थांबत नाही. उलट जास्तच दुखू लागलं. पोटात दुखतं म्हणतात ना, ते नुसतं म्हणण्यापुरतं नसतं. वहिनीला खरोखर बरगडीच्या खाली कळ यायची. नणंद संध्याकाळी कामावरून परस्पर भावाकडे यायची, खुर्चीत टेकायची, चप्पल पायातून सोडायची आणि दमल्याचा एक सुस्कारा टाकायची. त्या सुस्काऱ्यानं वहिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दमणं हीसुद्धा आता मिरवायची गोष्ट झाली होती. बिनकामाच्या माणसाला दमायचाही हक्क नसतो, तो दिवसभर उन्हातान्हात वणवण फिरून आला तरी लोक विचारतात, काय, घरीच ना?

पुढं नणंदेनं मनगटी घड्याळ घेतलं. वेळेवर पोचावं लागतं म्हणाली. चहा संपेपर्यंत तिनं किती वेळा मनगट वळवून पाहिलं ते वहिनीनं मोजलं, आणि मोजलं म्हणून स्वतःवरच चिडली. वहिनीचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता, साधा माणूस, बहिणीवर जीव टाकणारा. तो ते घड्याळ हातात घेऊन कानाला लावायचा, कौतुकानं हसायचा आणि बायकोकडे वळून म्हणायचा, बघ, हिनं कसं झटक्यात जमवलं. त्याच्या मनात काही नसायचं. नसायचं हेच वहिनीला जास्त लागायचं. मनात काही असतं तर भांडता तरी आलं असतं.

तोंडावर ती हसतच होती. पोटात एक, ओठांत एक हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. नणंद मालकीणबाईंच्या गोष्टी सांगायची, तिथल्या वाफेच्या इस्त्रीचं वर्णन करायची, तिथं सगळ्यांना नावानं हाक मारतात म्हणून सांगायची, आणि वहिनी "हो का? वा" म्हणत कपबशा इतक्या जोरात विसळायची की एकीचा कान उडाला.

अशाच एका संध्याकाळी नणंद म्हणाली, "वहिनी, एक सांगू का? रागावू नकोस. आमच्याकडे काजं-बटणांची जागा रिकामी झालीय. बोलू का तुझ्यासाठी?"

ती हे चांगल्या मनानं म्हणाली असेल. पण वहिनीच्या कानात ते उकळत्या तेलासारखं पडलं. काजं-बटणं. मला. जिनं हिला दाराशी का होईना, पण जागा मिळवून दिली, तिला ही आता दाराशी बसवणार. ती रागावली की नणंदेला वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची, एरवी दोघींचं अगंतुगं होतं.

"नको वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही कशाला तसदी घेताय? माझं एका मोठ्या ठिकाणी बोलणं चाललंय. जवळजवळ ठरल्यासारखंच आहे."

कुठलं मोठं ठिकाण आणि कुठलं बोलणं. पण शब्द सुटला तो सुटला. नवऱ्याचा चेहरा एकदम उजळला. दुसऱ्या दिवशी डेपोत त्यानं सगळ्यांना सांगितलं आणि त्यानंतर तो रोज आल्याआल्या विचारायचा, कळलं का काही? वहिनी म्हणायची, मोठ्या ठिकाणी वेळ लागतोच. नणंद काही विचारायची नाही, नुसती बघायची. त्या बघण्यात कीव आहे असं वहिनीला वाटायचं, आणि कीव तिला घड्याळापेक्षाही जास्त खुपायची.

आणि मग एका रविवारी नणंद दुपारची आली. हातात कागदात गुंडाळलेला एक शर्ट. नवरा आतल्या खोलीत झोपला होता. नणंदेनं शर्ट टेबलावर पसरला. पांढरा, भारी कापडाचा, बाह्या बसवलेल्या, काजं केलेली, आणि गळा उघडा. कॉलर नव्हती, तिचे कापलेले तुकडे तेवढे सोबत होते.

तिनं सांगितलं ते असं. एका मोठ्या हॉटेलच्या नोकरांसाठी शर्टांचं काम यायचं होतं. त्यांना नमुना पाठवायचा होता. ज्या बाईचा नमुना पसंत पडेल तिला मालकीणबाई नमुन्याच्या टेबलावर बसवणार होत्या, म्हणजे नवे नमुने तिनं शिवायचे आणि बाकीच्यांचं कामही तिनं तपासायचं. नणंदेनं नमुना शिवायला घेतला होता. सगळं जमलं. कॉलर जमेना. केली, उसवली, पुन्हा केली, पुन्हा उसवली. शेवटी हे कापड बिघडायला नको म्हणून इथं आली.

"तुझ्यासारखी बसत नाही गं ती," ती म्हणाली. इतकं बोलायलाही तिला कष्ट पडले, हे वहिनीनं पाहिलं आणि तिला ते आवडलं.

तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला नको. एक टाका इकडचा तिकडे केला की संपलं. पण तसं करायचं तिच्या मनात फार वेळ टिकलं नाही, आणि ते काही चांगुलपणानं नव्हे. वाईट कॉलर म्हणजे नणंदेची कॉलर. ती कुणाच्या लक्षात राहिली असती? वहिनीला त्याहून मोठी गोष्ट सुचली. आपण अशी कॉलर करायची की बघणाऱ्याची नजर दुसरीकडे जाताच कामा नये. ज्याला काही कळतं तो म्हणेल, हा शर्ट एका हाताचा नव्हे. विचारेल, ही कॉलर कुणाची? आणि मग वन्सं, सांगा काय सांगायचं ते.

तिनं घरच्या जुन्या मशीनवर कॉलर केली. आतलं बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं जाड कापड, दोन वेळा ओलं करून इस्त्रीनं बसवलं. कडा एकाखाली एक पायऱ्यांसारख्या कापल्या, म्हणजे वरून जाडी दिसू नये. टोकं कात्रीनं न ढकलता आत ओवलेल्या दोऱ्यानं हलकेच ओढून बाहेर काढली. नणंद शेजारी उभी राहून बघत होती, तर वहिनीनं तिला चहा टाकायला पाठवलं. चहा होईपर्यंत कॉलर गळ्याला लागली होती. टेबलावर ठेवलेला तो शर्ट आत माणूस असल्यासारखा मान वर करून बसला.

नणंदेनं कॉलरीच्या टोकांवरून बोट फिरवलं. मग शर्ट कागदात गुंडाळून म्हणाली, "तुझे हात अजून तसेच आहेत."

"हातांना काय झालंय," वहिनी म्हणाली.

त्यानंतरचा आठवडा तिनं कसा काढला ते तिलाच माहीत. त्या आठवड्यात ती नोकरी शोधायलाही गेली नाही. दाराशी पाऊल वाजलं की तिला वाटायचं, आलं बोलावणं. स्वयंपाक करताना ती मनातल्या मनात मालकीणबाईंशी बोलायची. हो, माझीच ती. नाही हो, अवघड कसलं, सवयीचं आहे.

नणंद आली ती शुक्रवारी, आणि आली ती हसतच. नमुना पसंत पडला होता. काम मिळालं होतं. दुसऱ्या दिवसापासूनच ती नमुन्याच्या टेबलावर बसणार होती. नवऱ्यानं आनंदानं तिची पाठ थोपटली. वहिनीनं हात पुसले आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणाले मग हॉटेलवाले?"

नणंद म्हणाली, शर्ट फार आवडला त्यांना. विशेष म्हणजे काजं आवडली. इतकी सफाईदार काजं आम्ही पाहिली नाहीत म्हणाले.

"काजं," वहिनी म्हणाली.

"हो ना. गंमतच आहे."

"आणि कॉलर?"

"कॉलरीबद्दल काही म्हणाले नाहीत. चांगली कॉलर असली की तिच्याकडे लक्षच जात नाही, नाही का?"

वहिनीला वाटलं, ही मुद्दाम म्हणतेय. मग वाटलं, नाही, भोळेपणानं म्हणतेय. दोन्ही सारखंच झोंबलं. त्या रात्री तिला झोप आली नाही असं नव्हे, दमल्या माणसाला झोप येतेच. पण सकाळी उठली ती ठरवूनच उठली. आपण जायचं. मालकीणबाईंच्या समोर उभं राहायचं आणि सांगायचं की ती कॉलर माझी. मग नणंदेचं टेबल जावो नाहीतर राहो. माझी वस्तू माझ्या नावावर नको का व्हायला?

नणंद म्हणाली होती की शनिवारी त्यांचं अर्धा दिवस काम असतं. वहिनीनं चांगले कपडे काढले, नवऱ्याला सांगितलं मोठ्या ठिकाणी जाऊन येते, आणि निघाली. तो कारखाना टायरच्या दुकानावर होता. अरुंद जिना, भिंतीला हात लागला की काळं लागायचं, आणि वर पोचल्यावर एकदम मशीनांचा आवाज. तो आवाज कानावर पडला तशी ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबली. इतके दिवस दारोदार फिरून जे मागत होती ते पगार नव्हता, जागा नव्हती, हा आवाज होता, असं तिला वाटलं. मग तिला नणंद दिसली. एका लांब टेबलाशी उभी, गळ्यात टेप, एका मुलीच्या हातातली बाही उलटून बघत होती. तिनं वहिनीला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

तो उतरलेला चेहरा बघून वहिनीला धीर आला. ती सरळ कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत गेली. मालकीणबाई पाव खात हिशेब तपासत होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, गडबडीत असलेल्या. वहिनीनं आपण कोण ते सांगितलं, आणि वाटेत घोकलेलं सगळं विसरून एकदम म्हणाली, "त्या हॉटेलच्या नमुन्याची कॉलर मी शिवली होती."

"हो, माहीत आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "बसा ना."

वहिनी बसली नाही. मालकीणबाईंनी घास गिळला आणि सांगितलं की नणंदेनंच तसं सांगितलं होतं, नमुना टेबलावर ठेवला तेव्हाच. बाई, बाकीचा शर्ट माझा, कॉलर माझ्या वहिनीची, असं. त्यांनी तिला तेव्हाच म्हटलं होतं की वहिनीला घेऊन ये, मला कॉलरीला माणूस हवंय, दोन मुली ठेवून पाहिल्या, दोघींनी रडवलं. तर ती म्हणाली, वहिनीचं मोठ्या ठिकाणी ठरतंय, ती यायची नाही.

"मग," त्या म्हणाल्या, "तिथलं काय झालं?"

वहिनी चष्म्याच्या काचांकडे बघत राहिली. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"तिथलं काही नव्हतंच," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी त्यावर काही विचारलं नाही. विचारलं ते दुसरंच. अख्खा शर्ट येतो का? इतक्या दारांत ऐकलेला तो प्रश्न पुन्हा समोर आला. वहिनी म्हणाली, नाही, फक्त कॉलर. आणि पुढं काहीतरी येईल म्हणून मालकीणबाई थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मला तेवढीच हवीय, सोमवारी या. एवढं मात्र सांगून ठेवते, इथं सगळं काम नमुन्याच्या टेबलावरून तपासून जातं. नणंद म्हणून अवघड वाटणार असेल तर आत्ताच बोला. वहिनी म्हणाली, वाटणार नाही. वाटणार होतं, पण ते सांगायची ती जागा नव्हती.

बाहेर आली तर नणंद जिन्याच्या तोंडाशी उभी होती. मशीनांच्या आवाजात कुणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती, तरी दोघी हळूच बोलल्या.

"निरोप का नाही दिलास?" वहिनीनं विचारलं.

"तूच म्हणाली होतीस ना, मोठं ठिकाण."

"तुला ते खरं वाटलं होतं?"

नणंद भिंतीकडे बघू लागली. गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "नाही वाटलं. विचारलं असतं तर तू आली असतीस, हेही ठाऊक होतं."

"मग?"

"तू आलीस की दुसऱ्या दिवसापासून तू कॉलर आणि मी काजं. माहीत आहे मला. इथं मला कुणी काजं म्हणत नाही, वहिनी. कॉलर माझी असं मालकीणबाईंना सांगवेना, म्हणून तुझी ते सांगून टाकलं. पण तुला बोलवायचं होईना. वाटलं, थोडे दिवस आपण एकट्यानं बसून बघावं."

वहिनीच्या आतून संताप उसळून वर आला. तिचे ते सगळे जिने, ती तुटकी कपबशी, जमिनीवर पडलेल्या त्या कॉलरी, सगळं एकदम जिभेवर आलं. ती बोलणारच होती. पण बोलता बोलता तिला एक शंका आली, आणि संतापापेक्षा ती शंकाच मोठी झाली.

"म्हणजे तुला खुपत होतं? तिकडे, जुन्या कारखान्यात?"

"काय?"

"मी. खिडकीशी बसायचे ते."

नणंदेनं तिच्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं. "रोज," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज गं. मास्तर तुझा चहा स्वतः आणून द्यायचे. तू कापड उजेडात धरायचीस तेव्हा सगळ्या बायका काम थांबवून बघायच्या. आणि उन्हाळ्यात दोरे उडतात म्हणून तू अर्धी खिडकी लावून घ्यायचीस. दाराशी आमच्या घामाच्या धारा. घरी जाऊन मी तुला काय काय बोलायचे ते तुला सांगितलं तर तू मला दारात उभी करणार नाहीस."

"मला सांगायचं होतंस. उघडली असती."

"कॉलरला कोण सांगणार?"

वहिनीला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. त्या अर्ध्या खिडकीचं तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते ऊबदार होतं. कारखाना बंद झाल्यापासून तिला कुणी हसलं होतं, कुणी कीव केली होती, कुणी पत्ता ठेवून जा म्हटलं होतं. पण तिच्यावर कुणी जळलं नव्हतं. आणि इथं ही उभी होती, गळ्यात टेप घालून, नमुन्याच्या टेबलाची मालकीण, आणि इतकी वर्षं तिच्यावर जळत आलेली. वहिनीला अजून ऐकावंसं वाटलं. तिनं विचारलंसुद्धा, आणखी काय बोलायचीस गं माझ्याबद्दल? नणंदेनं सांगितलं. काही अगदी झोंबणारं होतं. वहिनीनं ते सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून हं हं करत, जसं कुणी आपल्या माहेरच्या गोष्टी ऐकतं. आपल्याही बरगडीखाली गेले काही महिने काय चाललं होतं ते मात्र तिनं सांगितलं नाही. तेवढं तिनं आपल्यापाशी ठेवलं.

आतून कुणीतरी नणंदेला हाक मारली. तिच्या स्वतःच्या नावानं. जाताना ती वळली.

"सोमवारपासून तुझं काम माझ्याकडे यायचं तपासायला," ती म्हणाली. "कॉलर वाकडी आली तर परत पाठवीन हं. तिथं मी वहिनी-बिहिनी बघणार नाही."

"पाठव की," वहिनी म्हणाली. "वाकडी आली तर."

दोघींना ठाऊक होतं की नणंद चूक शोधणार आणि वहिनी ती सापडू देणार नाही, आणि ते वर्षानुवर्षं चालणार.

वहिनी जिना उतरू लागली. भिंतीचं काळं हाताला लागलं ते तिनं पाहिलं नाही. अर्ध्या जिन्यापर्यंत ती मास्तरांच्या चहाचाच विचार करत होती. सगळ्या बायका काम थांबवून बघायच्या, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. अगदी खाली, टायरवाल्याच्या दुकानासमोर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला नोकरी लागली.